२६ इंची ट्रायल्स सायकलसाठी सिंगल-स्पीड भागांची निवड : प्रकल्प नोंदी, नाशिक

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेसाठी मखमलाबादला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर भाच्याने गच्चीवर नेले आणि पुण्याच्या एका ज्येष्ठ खेळाडूकडून घेतलेली जुनी ट्रायल्स सायकल दाखवली. चाके २६ इंची, सीट नाही, फ्रेम बुटकी आणि मागचा टायर अडीच इंच रुंद. या खेळात दगड, ओंडके, कठडे असे अडथळे पाय जमिनीला न टेकता ओलांडायचे असतात. बराचसा वेळ स्वार मागच्या एकाच चाकावर ब्रेक दाबून उभा असतो आणि पायडलला एक जोराचा झटका देऊन पुढच्या दगडावर उडी घेतो. गिअर बदलण्याचा प्रश्न इथे येतच नाही. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक आणि मध्ये चेन, एवढेच काम.

त्याची तक्रार नेमकी होती. "मामा, पाय दाबला की आधी रिकामा जातो, मग चाकाला लागतो. आणि दर वेळेला वेगळाच. कधी लगेच लागतो, कधी इतका खाली जातो की तोलच सुटतो."

"दर वेळेला वेगळा" हे त्याचे शब्द मी वहीत तसेच लिहून घेतले. बावीस वर्षे टूलरूममध्ये काढल्यावर एवढे कळते की ठरावीक प्ले (मोकळी हालचाल) असलेल्या यंत्राशी हात जुळवून घेतो, पण प्ले दर वेळी बदलत असेल तर हाताला काही शिकताच येत नाही. पायाचेही तेच असणार. ताईची अट एकच होती : "काहीही कर, पण त्याचे गुडघे फुटणार नाहीत असं कर."

९ नोव्हेंबर, शनिवार

सायकल सिडकोत माझ्या घरी आणली आणि मोजणीपासून सुरुवात केली. पुढे २२ दात्यांचे चक्र, मागे १६ दात्यांचे आट्यांवर बसणारे फ्रीव्हील (एका दिशेला पकडणारे, दुसऱ्या दिशेला मोकळे फिरणारे चक्र), क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिमी. मागचा ब्रेक दोरीने आवळून चाक पक्के केले आणि पायडलच्या टोकाशी पट्टी उभी धरून, चेन ताणली जाईपर्यंत पायडल किती खाली जाते ते वीस वेळा मोजले. सर्वांत कमी आकडा ५ मिमी आला, सर्वांत जास्त ४७.

नंतर फ्रीव्हील उघडले. वरच्या चकतीला दोन छिद्रे असतात आणि तिचे आटे उलटे असतात, म्हणून छिन्नी घड्याळाच्या दिशेने ठोकावी लागते. हे लक्षात न घेता ठोकत राहणारा चकतीची छिद्रे खराब करून बसतो. आत बारीक छर्रे, दोन कुत्ते आणि त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा होत्या. कुत्ता म्हणजे ती छोटी पोलादी जीभ, जी एका दिशेला खाचेत अडकते आणि दुसऱ्या दिशेला खाचांवरून घसरत जाते. बाहेरच्या कड्याच्या आतल्या खाचा मी मार्कर पेनाने खुणा करून मोजल्या. त्या अठरा भरल्या. दोन्ही कुत्ते एकाच वेळी खाचेत पडत होते, म्हणजे पूर्ण फेऱ्यात पकडीच्या जागा अठराच, दर २० अंशांना एक.

इथे थोडे गणित करावे लागते. मागच्या चाकाशी २० अंश असलेला प्ले क्रँकशी येईपर्यंत १६ भागिले २२ या प्रमाणात कमी होतो, म्हणजे साडेचौदा अंश, आणि १७० मिमीच्या क्रँकवर तो पायडलशी ४३ मिमी होतो. उरलेले चार-पाच मिमी ढिल्या चेनचे. ब्रेक सोडण्याच्या क्षणी कुत्ता खाचेच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार पाय शून्य ते ४३ मिमीमध्ये कुठेही जाऊन थांबतो. रस्त्यावर सायकल चालवताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण पायडल सतत फिरत असते. ट्रायल्समध्ये मात्र प्रत्येक झटका थांबलेल्या स्थितीतून सुरू होतो आणि पाव फेऱ्यात संपतो. ९० अंशांच्या झटक्यातील चौदा अंश असे वाया गेले तर उडी मोजूनमापून घेताच येणार नाही.

काही खाचांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि एका कुत्त्याचे टोक झिजून चकचकीत झाले होते. हा भाग दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मुख्य निर्णय घ्यायचा होता : फ्रीव्हील मागच्या चाकावर ठेवायचे की पुढे क्रँकवर न्यायचे. ट्रायल्समध्ये दोन्ही पद्धती चालतात. पुढे बसवले की मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) वेगळे न फिरणारे, पक्के स्प्रॉकेट (दातेरी चक्र) येते आणि चाक फिरत असेपर्यंत चेनही फिरत राहते.

फ्रीव्हील पुढे नेल्याने पकड जलद होते, असे भाच्याने ऐकले होते. कागदावर ते खरे ठरत नाही. ७२ जागी पकडणारे फ्रीव्हील क्रँकवर बसवले तर प्ले ५ अंश, म्हणजे पायडलशी सुमारे १५ मिमी. तेवढ्याच जागांची यंत्रणा मागे ठेवून २२ आणि १८ दात्यांची जोडी लावली तर क्रँकशी प्ले ४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे उलट थोडा कमीच. शिवाय पुढच्या फ्रीव्हीलवर क्रँकचे सगळे बळ थेट येते. ६० किलोचा स्वार आडव्या क्रँकवर नुसता उभा राहिला तरी ते १०० न्यूटन-मीटर होते, तर आताच्या जोडीत मागच्या फ्रीव्हीलवर तेच ७३ पडते.

असे असूनही मी पुढची बाजू निवडली, आणि त्याचे कारण दगडापासूनची उंची हे आहे. या आट्यांवर बसणारी फ्रीव्हील साधारण १६ दात्यांपेक्षा लहान होत नाहीत, म्हणून ते मागे ठेवले तर योग्य गुणोत्तरासाठी पुढचे चक्र मोठे घ्यावे लागते. फ्रीव्हील पुढे घेतले की १८ दात्यांतच काम भागते आणि मागे १५, १४, अगदी १२ दात्यांचे स्प्रॉकेटही बसू शकते. २२ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ४४.६ मिमी आणि १८ ची ३६.६ मिमी, म्हणजे पोटाखाली ८ मिमी जागा वाढली. चक्राच्या बाहेर दगडाचा मार खाणारे जाड ॲल्युमिनियमचे कडे असते, तेही त्या प्रमाणात लहान होते. २० इंची चाकांच्या सायकलींत १८ ला १२ अशी जोडी सर्रास दिसते, ती याच हिशेबातून आलेली आहे.

दुसरे कारण घरातलेच होते. मागच्या हबचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ या मापाचे आहेत आणि त्यावर पक्के स्प्रॉकेट थेट बसते. जास्त जागी पकडणारा नवा हब घेतला असता तर पूर्ण चाक पुन्हा विणावे लागले असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

७२ की १०८, यावर आठवडाभर विचार केला. १०८ जागी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये प्ले ३.३ अंश, पायडलशी जेमतेम १० मिमी. आकडा मोहात पाडणारा आहे. पण इतक्या लहान कड्यावर १०८ खाचा कोरल्या तर त्या फार उथळ होतील, म्हणून पकडीच्या जागा वाढवताना सहसा कुत्त्यांच्या बसण्यात फरक ठेवतात. समजा खाचा ३६ आहेत आणि कुत्त्यांचे दोन गट एकमेकांपासून अर्ध्या खाचेने सरकवले आहेत, तर पकड ७२ जागी मिळते, पण कोणत्याही क्षणी भार निम्म्याच कुत्त्यांवर असतो. तीन गट केले तर जागा १०८ होतात आणि भार एकतृतीयांश कुत्त्यांवर येतो. जागा जितक्या वाढवाव्यात तितके भार वाहणारे पोलाद कमी होत जाते.

भाचा अजून शिकतो आहे. त्याचे झटके नेमके नसतात, पाय अनेकदा वाकडा पडतो. त्याच्यासाठी पाच मिमीचा फायदा घेण्यापेक्षा कुत्त्यांना भक्कम आधार असणे मला जास्त मोलाचे वाटते. ४३ वरून १५ वर येणे हीच मोठी झेप आहे, १५ वरून १० ही बारीक सुधारणा. व्हाइट इंडस्ट्रीज या कॅलिफोर्नियातील कंपनीचे ट्रायल्ससाठीचे फ्रीव्हील ७२ जागी पकडते. मी त्याच आकड्याचे १८ दात्यांचे फ्रीव्हील मागवले.

गुणोत्तर ठरवायला फार वेळ लागला नाही. भाचा उभा असताना मागच्या चाकाचा घेर २,०९० मिमी भरला. १८ ला १५ घेतले तर क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल २.५१ मीटर जाते, १८ ला १४ घेतले तर २.६९, आणि आजच्या २२ ला १६ मध्ये २.८७. आजचा गिअर जड आहे हे त्यालाही जाणवत होते. १५ चे स्प्रॉकेट घेतले आणि तुलनेसाठी १४ चेही.

१ डिसेंबर, रविवार

भाग आले. क्रँकची उजवी बाजू हातात घेऊन बराच वेळ पाहत बसलो, कारण तिच्यातला विचार सुरेख आहे. फ्रीव्हीलसाठीचे आटे क्रँकच्या आतल्या, म्हणजे फ्रेमकडच्या अंगाला आहेत. बाहेरच्या अंगाला असते तर प्रत्येक झटक्यात क्रँक पुढे आणि चेनने अडवलेले फ्रीव्हील मागे राहून आटे सैल होत गेले असते. आतून बसवल्यामुळे तेच बळ आटे आवळत जाते आणि मागच्या चाकावर चालणारे नेहमीचे फ्रीव्हील, त्यात काहीही बदल न करता, इथे बरोबर दिशेला पकडते.

याचा दुसरा अर्थ असा की सहा महिन्यांनी ते काढताना पाना आणि लांब नळी दोन्ही लागतील. क्रँक ॲल्युमिनियमची, फ्रीव्हील पोलादी. आटे कोरडे बसवले तर दोन्ही धातू एकमेकांना कायमचे धरतील. म्हणून आटे रॉकेलने पुसले, ग्रीसचा पातळ थर दिला, पहिले तीन फेरे बोटांनी फिरवले आणि अडखळत नाही याची खात्री झाल्यावरच पाना लावला.

मागच्या स्प्रॉकेटला उलट आट्यांची लॉकरिंग (स्प्रॉकेट सुटू न देणारे कडे) लावली नाही. फिक्स गिअरच्या सायकलीत स्वार पायाने मागे जोर देऊन चाक थांबवतो आणि त्या बळाने स्प्रॉकेट सुटू शकते. इथे पुढचे फ्रीव्हील तसा मागचा जोर चेनपर्यंत पोहोचूच देत नाही. सायकल मागे ढकलली तरी चाक स्प्रॉकेटला आवळण्याच्याच दिशेने ओढते.

बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधला, क्रँक ज्यावर फिरते तो बेअरिंगचा भाग) दहा खाचांच्या, आयसिस नावाच्या मापाच्या एक्सलचा आहे. तो क्रँकशी जुळवून घेतला आणि बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

४ डिसेंबर, बुधवार

फ्रेमच्या मध्यरेषेपासून पुढचे दाते ४७.५ मिमीवर आहेत आणि मागचे ४५.५ वर. चेन दोन मिमी तिरकी. गिअरच्या सायकलीत एवढा तिरकेपणा कुणी मोजतही नाही, पण इथे चेनवरचा ताण वेगळाच आहे. ६० किलोचा स्वार आडव्या पायडलवर उभा असताना ४४ दात्यांच्या चेनव्हीलवर चेनला सुमारे ११५ किलोची ओढ बसते, २२ दात्यांवर २२९ आणि १८ दात्यांवर २७९ किलोची. उडी घेताना पायाचा जोर वजनाच्या दुप्पट धरला तर ओढ साडेपाचशे किलोंच्या पुढे जाते. एवढ्या ओढीखाली तिरकी चेन दात्यावर चढू शकते. लहान चक्र निवडून ८ मिमी उंची मिळवली, त्याची किंमत चेनला मोजावी लागते. म्हणूनच ती तंतोतंत सरळ हवी.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर बसणारे काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून ३५ मिमी आतल्या आणि ४२ मिमी बाहेरच्या व्यासाची, दोन मिमी जाडीची पोलादी रिंग कातून घेतली. त्यांनी विचारले, "सायकलीच्या वॉशरला ग्राइंडिंग कशाला हो?" स्प्रॉकेट या रिंगला टेकून बसणार आहे आणि रिंगच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर ते डुलत फिरेल, हे सांगितल्यावर त्यांनी आपणहून मायक्रोमीटर काढला आणि चार ठिकाणी माप घेतले. चारही ठिकाणी फरक एका शतांश मिलिमीटरच्या आत होता. हबवरचे आटे साडेदहा मिमी रुंद आहेत आणि स्प्रॉकेटला आठच लागतात, त्यामुळे रिंग घातल्यावरही पूर्ण पकड मिळते.

८ डिसेंबर, रविवार

चेन बसवली. दात्यांची जाडी ३/३२ इंची चेनची आहे, पण मी १/८ इंची, जाड पट्ट्यांची चेन घेतली. रुंद चेन बारीक दात्यांवर चालते, उलटे चालत नाही.

मागच्या एक्सलच्या खाचेत क्रँकपासूनचे अंतर ३७४ ते ३८९ मिमी बदलता येते. १८ आणि १५ दात्यांसाठी ७६ कड्यांची चेन घेतली तर एक्सल ३७७.८ मिमीवर येतो, म्हणजे खाचेच्या पुढच्या भागात, आणि चेन झिजून लांबली तरी मागे सरकायला अकरा मिमी जागा राहते. कडी तोडण्याआधी हे गणित दोनदा केले. एक दाता कमी केला की एक्सल सुमारे तीन मिमी मागे जातो. म्हणजे १४ चे स्प्रॉकेटही याच चेनवर चालेल.

चेन जोडायला क्लिपची कडी वापरली नाही. दगडाला घासून क्लिप उडाली तर चेन स्वाराच्या पायाखाली सुटेल. पिन दाबूनच जोड केला, दोन्ही बाजूंना पिनची टोके सारखी बाहेर आहेत हे नखाने तपासले आणि ती कडी आडवी हलवून मोकळी केली.

ताण देण्यासाठी एक्सलवर दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या शंखासारख्या चकत्या आहेत. चकती फिरवली की तिची वाढत जाणारी कड फ्रेमवरच्या खुंटीला टेकते आणि एक्सल मागे सरकतो. दोन्हीकडे सारखेच दाते मोजून फिरवल्या, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. चक्रे अगदी गोल कधीच नसतात, त्यामुळे फिरवताना चेन एका जागी घट्ट होते. त्या सर्वांत घट्ट जागी वर-खाली ७ मिमी हालचाल ठेवली. याहून जास्त ताणली तर फ्रीव्हीलच्या बेअरिंगवर कायमचा भार राहतो.

पुन्हा तीच वीस मोजमापे घेतली. सर्वांत कमी २ मिमी, सर्वांत जास्त १७.

एक गोष्ट भाच्याला निक्षून सांगितली : आता पाय थांबला तरी चेन थांबणार नाही. चाक फिरत असताना कापड धरून चेन पुसायची नाही, बोट स्प्रॉकेटमध्ये जाईल. आणि पँट घोट्याशी बांधल्याशिवाय बसायचे नाही.

संध्याकाळी फ्रीव्हीलच्या मागच्या फटीतून सिरिंजने घट्ट बेअरिंग ग्रीस भरले. धूळ आत जाऊ नये आणि कर्कश आवाज कमी व्हावा, असा विचार होता. आवाज जवळजवळ बंद झाला आणि मला ते काम नीट झाल्याचे लक्षण वाटले.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेसहाला सोमेश्वरच्या धबधब्याजवळच्या काळ्या कातळावर गेलो. पाणी उतरल्यामुळे खडक उघडे होते. थंडी चांगलीच होती, बोटे ब्रेकवर नीट वळत नव्हती. पहिल्या दहा-बारा उड्या उत्तम झाल्या. "मामा, आता पायाला कळतंय," असे तो म्हणाला आणि मला मनापासून बरे वाटले.

त्यानंतर गुडघाभर उंचीच्या कातळावर चढताना पायडल अचानक मोकळे फिरले. पकड लागलीच नाही. त्याचा पाय खाली गेला आणि पायडलच्या खिळ्यांनी नडगी चार बोटे सोलली गेली. जखम धुऊन पट्टी बांधली, गंगापूर रोडवर डॉक्टरांकडे नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. ताईला फोन मीच केला आणि चूक माझी आहे हेही सांगितले.

दुपारी फ्रीव्हील कानाशी धरून फिरवले. आवाज नव्हताच. थंडीने ग्रीस घट्ट झाले होते आणि कुत्ते त्यात रुतून बसले होते. त्यांच्या बारीक स्प्रिंगा त्यांना वेळेवर वर उचलू शकत नव्हत्या. गेल्या रविवारी मला ज्या शांततेचे समाधान वाटले, तीच बिघाडाची खूण होती. ७२ जागांचे सगळे गणित हे कुत्ते प्रत्येक खाचेत क्षणार्धात पडतात या गृहीतावर उभे आहे, आणि मी भरलेल्या ग्रीसने ते गृहीतच काढून घेतले.

फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवून फिरवले, निथळले, आणि रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत हे पाच वेळा केले. रात्रभर पालथे ठेवून सकाळी शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे सहा थेंब टाकले. टकटक पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागली. ते एका पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि थंड असतानाच पकड तपासायची, असे ठरवले आहे.

२९ डिसेंबर, रविवार

जखम भरली. फ्रीव्हील फ्रीजमधून काढल्याबरोबर तीनशे वेळा हाताने मागे-पुढे फिरवून पाहिले. एकदाही चुकले नाही. मग भाच्याला घरासमोर सपाट जमिनीवर पुढचा ब्रेक दाबून पायडलवर उभे राहायला लावले आणि जोर हळूहळू वाढवत नेला. चेन दात्यावर चढली नाही, चाक सरकले नाही. दगडावर जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी फ्रीव्हील कानाशी ऐकायचे, असा नियम त्याने स्वतःच वहीत लिहिला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

१४ चे स्प्रॉकेट आठवडाभर लावून पाहिले. एक्सल ठरल्याप्रमाणे तीन मिमी मागे गेला, चेन तीच राहिली. सपाटीवरून लांब उडी घेताना ते त्याला आवडले, पण मागच्या चाकावर उभे राहून जागच्या जागी छोट्या उड्या मारताना पायाला जड पडत होते आणि सध्या त्याचा बहुतेक सराव त्याच उड्यांचा आहे. १५ पुन्हा बसवले. १४ तेलाच्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले.

चेनच्या २४ कड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिमी होती, आज ३०५.१ भरली. ३०६.३ झाली की बदलायची. पायडलशी प्ले जास्तीत जास्त १७ मिमी, महिन्यापूर्वी होता तेवढाच. पुढचे माप ९ फेब्रुवारीला घ्यायचे आहे.